एंडोफाइट नसलेल्या फेस्क्यूच्या प्लॉटमध्ये एंडोफाइट आला कुठून?

फेस्क्यूवाली

टॉल फेस्क्यू हे कुरणाचं गवत आणि त्यातला एंडोफाइट, म्हणजे झाडाच्या आत राहणारी बुरशी, एपिक्लोई सीनोफियाला (जुन्या पुस्तकांत निओटायफोडियम) याबद्दल विचारते आहे. ठिकाण अमेरिकेचा आग्नेय भाग.

२ मीटर बाय ५ मीटरचे प्लॉट आहेत. अर्ध्यांत बुरशी असलेलं केंटकी-३१ या जातीचं फेस्क्यू (पुढे याला ई-प्लस म्हणते). उरलेल्या अर्ध्यांत तीच जात, पण एक पिढी आधी बुरशी मारून वाढवलेलं बियाणं (ई-मायनस). दोन प्लॉटमध्ये अर्ध्या मीटरची मोकळी पट्टी. पेरणीआधी ई-मायनसच्या पिशवीतल्या ५० बिया रंगवून पाहिल्या होत्या, एकातही तंतू नव्हते. आता तिसरा हंगाम चालू आहे. ई-मायनस प्लॉटमधल्या १०० फुटव्यांचे पर्णकोष ॲनिलिन ब्लूने रंगवले, तर १४ मध्ये तंतू दिसले.

सगळे प्लॉट एकाच मोवरने कापले जातात, आणि ई-प्लस आधी. त्यामुळे पहिला संशय पात्यावरच्या रसावर आहे. दुसरा परागकणांवर, कारण फेस्क्यू परपरागित आहे. तिसरा माश्यांवर, कारण एपिक्लोई माश्यांमार्फत पसरते असं वाचलंय. यातलं नेमकं काय होत असावं, आणि पुढच्या पेरणीत ते थांबवायचं कसं?

बुरशीमित्र

तिन्ही संशय बाजूला ठेवा. सीनोफियाला उभ्या झाडातून शेजारच्या उभ्या झाडात जात नाही. तीन वेगवेगळ्या पूर्वज एपिक्लोईंच्या संकरातून झालेली ही बुरशी आहे. तिला लैंगिक अवस्था नाही आणि शेतात ती झाडाबाहेर बीजाणूही तयार करत नाही. आईच्या बियातून लेकीत, एवढीच तिची वाट.

हे का, ते तिच्या वाढीच्या पद्धतीवरून कळतं. बाधित बी रुजलं की भ्रूणाजवळचे तंतू कोंबाच्या शेंड्यात, म्हणजे वाढबिंदूपाशी पोचतात. तिथे जे पान आणि जो बगलेतला डोळा तयार होईल, त्यात ते सुरुवातीपासूनच असतात. पेशींच्या आत ते शिरत नाहीत, दोन पेशींमधल्या फटीत राहतात. पान लांबतं तेव्हा पेशीभित्तीला चिकटलेला तंतूही पेशींबरोबर मधल्यामध्ये लांबतो. बहुतेक बुरश्या टोकाने वाढतात, ही इथे तशी वाढत नाही. न्यूझीलंडच्या संशोधकांनी २००८ मध्ये हे दाखवलं. टोकाने वाढली असती तर लांबणाऱ्या पेशींच्या ओढीने तंतू तुटलेच असते. पानाची वाढ थांबली की तंतूही लांबायचा थांबतो, पण जिवंत राहतो. त्यामुळे बाहेर पडायला तिला दार नाही आणि गरजही नाही. मुळांत ती जवळजवळ नसतेच, म्हणजे मुळाला मूळ लागून जाण्याचाही प्रश्न मिटला.

परागकणांचं: फुलोरा धरताना तंतू फुलाच्या अंडाशयात आणि तिथून भ्रूणात जातात, परागकणातून जात नाहीत. ई-प्लसचे पराग ई-मायनसच्या कुक्षीवर पडले तर होणारं बी ई-मायनसच. उलट ई-प्लस आईला कुठलाही बाप मिळो, बी ई-प्लस.

मोवरचा रस: ही बुरशी हौसेने दुसऱ्या झाडात घालायची असेल तर काय करावं लागतं ते बघा. १९८५ मध्ये लॅच आणि ख्रिस्टेन्सन यांनी दिलेली पद्धत आजही वापरतात. निर्जंतुक केलेलं बी अगारवर अंधारात ५ ते ७ दिवस रुजवायचं. पांढरट रोपाच्या वाढबिंदूपाशी बारीक सुईने उभी चीर द्यायची, त्यात संवर्धनातली बुरशी कणभर बसवायची. मग रोप आठवडाभर अंधारात, पुढे उजेडात, मग कुंडीत. ६ ते ८ आठवड्यांनी तपासायचं. चीर वाढबिंदूला लागली नाही तर बुरशी बसत नाही, जास्त लागली तर रोप मरतं. इतकं करूनही बहुतेक रोपं फुकट जातात. मोवरच्या पात्याने हे काम झालं असतं तर पैदासकार सुई घेऊन बसलेच नसते.

तरीही मोवरला मी निर्दोष म्हणणार नाही. त्याच्या पोटात, पट्ट्यावर, चाकांच्या चिखलात बिया राहतात. ई-प्लस आधी आणि ई-मायनस नंतर हा क्रम उलटा हवा होता. कापणीच्या वेळी ई-प्लसला लोंब्या होत्या का?

बीजपेटी

बुरशी कुठून आली हे शोधण्याआधी ती आधीपासून नव्हतीच, हे कशावरून?

५० बियांत शून्य सापडलं. शून्य सापडलं की वरची मर्यादा काढायचा सोपा हिशेब म्हणजे ३ भागिले नमुना. ३ भागिले ५० म्हणजे ६ टक्के. पिशवीत ६ टक्क्यांपर्यंत बाधित बी असूनही तुम्हाला ५० मध्ये एकही न सापडणं अगदी शक्य आहे. 'शून्य' म्हणायचं असेल तर निदान ३०० बिया बघा, तेव्हा मर्यादा १ टक्क्यावर येते.

आता दुसरं टोक. १०० पैकी १४ याची ९५ टक्के विश्वासमर्यादा साधारण ८ ते २२ अशी पडते. म्हणजे खरा आकडा ९ असू शकतो. त्यातही हे १०० फुटवे किती झाडांचे होते? फेस्क्यूचा एक जुना ठोंब कित्येक फुटवे देतो आणि ते सगळे एकाच बियाचे असतात. एका ई-प्लस ठोंबातून चार फुटवे आले तर नोंद चार झाली, झाड एकच. दोन नमुन्यांत निदान ३० ते ४० सेंटिमीटर अंतर ठेवा आणि एका ठोंबातून एकच फुटवा घ्या.

या दोन टोकांमध्ये काय घडलं असेल? उदाहरणादाखल धरा: पेरणीला १०० झाडांत ६ ई-प्लस, ९४ ई-मायनस. दोन कोरडे उन्हाळे आणि आखूड कापणी. ई-मायनसची निम्मी मेली, ४७ उरली. ई-प्लसची सहाही तगली. आता ५३ पैकी ६, म्हणजे ११ टक्के. कुणी कुणाला लागण केली नाही, तरी टक्केवारी जवळजवळ दुप्पट झाली आणि तुमच्या मर्यादेत बसलीसुद्धा.

टॉल फेस्क्यूत हे घडतं. बुरशी असलेली झाडं दुष्काळ, किडी, सूत्रकृमी, जास्त चराई सोसतात, नसलेली विरळ होतात. त्यामुळे 'बुरशी पसरते आहे' असं दिसतं तिथे बऱ्याचदा बिनबुरशीची झाडं मरत असतात. तुमच्या ई-मायनस प्लॉटमध्ये एक मीटरच्या ओळीत किती ठोंब आहेत ते पहिल्या वर्षाशी ताडून बघा. संख्या घटली असेल तर अर्धं उत्तर तिथेच आहे.

माळरान

वर 'उभ्या झाडातून उभ्या झाडात जात नाही' असं म्हटलंय ते सरसकट घेऊ नये. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात ऑर्चर्ड ग्रास या गवताच्या बियाणे-शेतांत १९९०च्या दशकापासून एपिक्लोई टायफिनाने उच्छाद मांडला. इंग्रजीत या रोगाला चोक म्हणतात, लोंबी पोटरीतच गळा दाबल्यासारखी अडकते म्हणून. तिथे शेतं स्वच्छ बियाण्याने पेरूनही वर्षागणिक बाधित फुटवे वाढत जातात. आणि कापलेल्या धसकटाच्या ताज्या जखमेतून बीजाणू शिरतात हे १९५९ मध्येच प्रयोगाने मांडलं गेलंय. म्हणजे कापणीचा संबंध आहेच.

बुरशीमित्र

बरोबर, पण ती वेगळी बुरशी आणि वेगळं गवत. मी लिहिलं ते सीनोफियालाबद्दल. एपिक्लोई या एकाच वंशात दोन अगदी निराळे संसार आहेत आणि वाचनात ते एकमेकांत मिसळतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टायफिनासारख्या लैंगिक जाती फुलोरा येईपर्यंत गुपचूप राहतात. मग पोटरीच्या पानाच्या पर्णकोषाबाहेर तंतूंचा पांढरा जाड थर येतो, बोटभर लांब, खोडाला गुंडाळलेल्या कापसासारखा. याला स्ट्रोमा म्हणतात. आत लोंबी कोंडून मरते, त्यामुळे त्या फुटव्याला बी नाही. बियातून जायची वाट बुरशीने स्वतःच बंद केलेली असते, म्हणून तिला बाहेरची वाट लागते.

स्ट्रोमावर आधी बारीक शुक्रबीजाणू येतात. बुरशीचे दोन मीलनप्रकार असतात आणि एका प्रकारचे बीजाणू दुसऱ्या प्रकारच्या स्ट्रोमावर पोचल्याशिवाय पुढची अवस्था होत नाही. इथे येते तुमची माशी, बोटॅनोफिला. मादी स्ट्रोमा खाते, बीजाणू तिच्या पोटातून जिवंत बाहेर पडतात. दुसऱ्या स्ट्रोमावर अंडं घातलं की ती पोट टेकवत त्या थरावर फिरते आणि विष्ठा सारवत जाते. तेवढ्यात फलन होतं. अळ्या पुढे तीच बुरशी खाऊन वाढतात, हा तिचा मोबदला. फलित झालेला स्ट्रोमा पिवळा-नारिंगी होतो, त्यातून सुईसारखे बीजाणू हवेत उडतात आणि दुसऱ्या झाडांना लागण करतात. फुलांतून की धसकटाच्या जखमेतून, कुठली वाट जास्त चालते यावर मतभेद आहेत. ओरेगनच्या शेतांत तर माश्यांशिवायही फलन होताना दिसलं आहे.

यात लक्षात घ्या, माशी झाडाला लागण करत नाही. ती बुरशीचं लग्न लावते. लागण करतात ते नंतर उडणारे बीजाणू.

मधला प्रकार एपिक्लोई फेस्टुकीचा, रेड फेस्क्यूत. एकाच झाडाच्या काही फुटव्यांवर स्ट्रोमा, बाकीच्यांत निरोगी लोंब्या आणि त्यात बाधित बी. दोन्ही वाटा उघड्या.

आणि एक अपवाद, नाहीतर माळरान पुन्हा पकडतील. एपिक्लोई पोई ही जाती स्ट्रोमा नसतानाही पानाच्या पृष्ठभागावर बीजाणू धरते, आणि त्यांच्यामार्फत ती कोवळ्या रोपांत गेल्याचं प्रयोगात दिसलं आहे. ते गवत पोआ वंशातलं आहे. तुमच्या फेस्क्यूला हे लागू नाही.

प्लॉटमध्ये खोडाभोवती एकही पांढरं कोंडाळं (स्ट्रोमा) दिसलं नसेल तर माशी आणि हवेतले बीजाणू दोन्ही विसरा.

फेस्क्यूवाली

कोंडाळं एकही नाही. ई-प्लसला पहिल्या दोन्ही वर्षी लोंब्या येऊन बी गळलं होतं, कापणी उशिरा झाली. बीजपेटी, १०० फुटवे २५ जागांवरून घेतले, प्रत्येक जागी चार. म्हणजे तुमचा आक्षेप बरोबर आहे. ठोंब पहिल्या वर्षाच्या मानाने स्पष्टच विरळ आहेत.

आता शंका रंगवण्याबद्दल. दिसलेले तंतू एपिक्लोईचेच, हे कसं ठरवायचं? दोन स्लाइडांवर ते फांद्या फुटलेले वाटले.

सूक्ष्मदर्शी

फांद्या फुटलेले असतील तर बहुधा नाहीत. पर्णकोषात एपिक्लोईचे तंतू पानाच्या लांबीला समांतर, पेशींच्या मधून, थोडे नागमोडी, क्वचितच फाटे फुटलेले असे दिसतात. पेशी ओलांडून आडवे जाणारे, तपकिरी, भराभर फाटे फुटलेले तंतू म्हणजे वरून आलेल्या मृतोपजीवी बुरश्या. पिवळ्या पडलेल्या पर्णकोषात त्या हमखास असतात आणि तिथेच चुकीचे 'प्लस' मोजले जातात.

फुटवा जमिनीलगत कापा. बाहेरचे वाळलेले पर्णकोष टाकून द्या आणि सर्वांत बाहेरचा पण हिरवा, अखंड असा घ्या. तंतूंची गर्दी बुडाशी असते, पात्यात फार कमी, म्हणून खालचे दोन-तीन सेंटिमीटर पुरेत. उभा चिरून उलटा ठेवा, आतल्या बाजूची त्वचा चिमट्याने पट्टीसारखी सोलून काढा. रंगासाठी ५ टक्के इथेनॉलच्या पाण्यात ०.५ टक्के रोझ बंगाल सोपा पडतो. ॲनिलिन ब्लू वापरायचा तर पाण्यातलं ०.१ टक्क्याचं द्रावण दोन भाग आणि लॅक्टिक आम्ल एक भाग. आधी १०० पट, खात्रीसाठी ४०० पट मोठं करून बघा. जाड सोललेली पट्टी सगळी निळी होते आणि काहीच कळत नाही. पट्टी आरपार दिसली पाहिजे. फार कोवळी रोपं घेऊ नका, पेरणीनंतर सहा आठवड्यांच्या आत तंतू इतके विरळ असतात की 'मायनस' वाटतात.

बियांसाठी: ५ टक्के सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये रात्रभर भिजवा, वाहत्या पाण्यात नीट धुवा, तुसं काढा, ॲनिलिन ब्लूमध्ये गरम करा, काचेखाली दाबून पसरवा. ॲल्युरॉन थराच्या (दाण्याच्या सालीखालच्या थराच्या) पेशींवर वेटोळे घातलेले निळे तंतू दिसतात. धुणं अपुरं राहिलं तर अल्कलीमुळे रंग नीट चढत नाही.

पण बी रंगवण्यात एक मोठी फसगत आहे. मेलेली बुरशीही तशीच निळी दिसते. प्रतिद्रव्यावर चालणाऱ्या पटलचाचणीचंही तेच, बियात ती मेलेल्या बुरशीलाही 'आहे' म्हणते. साध्या गोदामात १२ ते १८ महिने पडलेल्या बियांत बुरशी बरीचशी मेलेली असते आणि बी मात्र उगवतं. गरम, दमट जागी हे आणखी लवकर होतं. उलट ५ अंशांना, बियाची आर्द्रता १० टक्क्यांखाली ठेवली तर बुरशी कित्येक वर्षं टिकते. म्हणून जिवंत बुरशीचा आकडा हवा तर बी पेरून रोपं ६ ते ८ आठवड्यांची झाल्यावर फुटवेच तपासायचे, दुसरा उपाय नाही. फुटव्यांसाठी पटलचाचणी बरी: बुडाचा ताजा काप नायट्रोसेल्युलोज पटलावर दाबायचा, ठसा रंगवायचा. एका दिवसात शेकडो होतात. कात्री किंवा पातं दर फुटव्यानंतर इथेनॉलने पुसा, नाहीतर एका 'प्लस'चा रस पुढच्या तीन ठशांवर जातो. मोवरच्या रसाची भीती इथे खरी आहे, रोपात नाही.

संवर्धन करून खात्री करायची असेल तर पर्णकोषाचे ५ मिलिमीटरचे तुकडे ७० टक्के इथेनॉलमध्ये १ मिनिट, सुमारे २.५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये ३ ते ५ मिनिटं, मग निर्जंतुक पाण्याने तीनदा धुऊन बटाटा-डेक्स्ट्रोज अगारवर, २२ ते २४ अंशांना. शेवटच्या धुण्याचं पाणी वेगळ्या थाळीवर पसरा, त्यावर काही उगवलं तर निर्जंतुकीकरण फसलं असं समजा. एपिक्लोई आळशी आहे, तुकड्याच्या कडेतून पांढरी कापसासारखी बाहेर यायला तिला दोन ते चार आठवडे लागतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी थाळी भरून टाकणारी कुठलीही बुरशी ती नव्हे. हिरवट-काळी असेल तर अल्टरनेरिया किंवा क्लॅडोस्पोरियम, फेकून द्या.

भातखाचर

थोडं विषयाला सोडून, पण आपल्याकडच्या लोकांना नेहमी पडणारा प्रश्न: असलं काही इथल्या गवतांत आहे का? एपिक्लोई ही प्रामुख्याने थंड हवामानातल्या गवतांची. तिच्या भाऊबंदांपैकी आपल्याकडे ओळखीचा म्हणजे भातावरचा उदबत्ता. नावच लक्षण सांगतं: लोंबीचे सगळे फाटे बुरशीने एकमेकांना चिकटतात आणि पोटरीतून करडी-पांढरी सरळ काडी बाहेर येते, पुढे तिच्यावर काळे ठिपके पडतात. दाणा एकही नाही. बुरशीचं नाव इफेलिस ओरायझी, बलान्सिया गटातली. १९१४ साली तिचं वर्णन झालं ते भारतातल्याच नमुन्यावरून. ती झाडात सर्वत्र पसरते, त्यामुळे बाधित ठोंबाचे बरेच फुटवे एकदमच काड्या होतात.

इथेही बियाणं हीच मुख्य वाट मानतात, शिवाय बांधावरच्या हरळीसारख्या गवतांवर ती राहते. काडी दिसताक्षणी ठोंब उपटून जाळायचा, त्या खाचरातलं बी पुढे धरायचं नाही, बांध साफ ठेवायचे. बियाण्याला गरम पाण्याची प्रक्रिया ५२ ते ५४ अंशांना १० मिनिटं. थर्मामीटर पाण्यात सतत हवा. ५० च्या खाली आलं तर बुरशी वाचते, ५५ च्या वर गेलं तर उगवण पडते. बी सैल कापडी पिशवीत घाला, गच्च भरलं तर मधलं बी तापतच नाही. प्रक्रिया झाली की लगेच थंड पाण्यात बुडवून सावलीत सुकवायचं.

यात लोक बाजरीच्या अरगटशी गल्लत करतात. अरगट त्याच कुळातला, पण एंडोफाइट नव्हे. तो फुलाच्या कुक्षीतून शिरतो, कणसातच राहतो, दाण्याच्या जागी काळी गाठ करतो. म्हणून त्याला १० लिटर पाण्यात २ किलो मीठ हा उपाय चालतो, हलक्या गाठी तरंगतात आणि काढून टाकता येतात. उदबत्ता किंवा फेस्क्यूतली बुरशी असल्या पाण्याला दाद देत नाही, कारण ती दाण्याच्या जागी नसून दाण्याच्या आत असते.

माळरान

यात आणखी एक पोटभेद घाला. हरळीचं हिरवंगार पान निर्जंतुक करून थाळीवर ठेवलं की कर्व्ह्युलेरिया, अल्टरनेरिया, क्लॅडोस्पोरियम निघतात आणि प्रबंधांत त्यांनाही एंडोफाइटच म्हणतात. ते बियातून आलेले नसतात. हवेतला बीजाणू पानावर पडतो, रंध्रातून किंवा जखमेतून शिरतो, मिलिमीटरभर जागेत गप्प बसतो. प्रत्येक पान नव्याने बाधित होतं, कोवळं पान जवळजवळ स्वच्छ, जुनं पान भरलेलं. मुळांतले आणखी निराळे: राजस्थानच्या थर वाळवंटातून मिळालेली पिरिफॉर्मोस्पोरा इंडिका, आता सेरेंडिपिटा, ही मातीतल्या बीजाणूंतून आणि मुळाला लागलेल्या मुळातून जाते. तेव्हा 'गवतातला एंडोफाइट कसा पसरतो' असं कुणी विचारलं की आधी 'कुठला' हे विचारावं.

फेस्क्यूवाली

म्हणजे माझ्या प्लॉटमध्ये तीन गोष्टी एकावर एक आहेत: पिशवीतच थोडं ई-प्लस, विरळ होत गेलेलं ई-मायनस, आणि ई-प्लसचं गळून आलेलं बी. या तिन्हींचा वाटा वेगळा काढता येईल का? आणि नवी पेरणी कशी करू?

बीजपेटी

वाटा काढता येतो, निदान ढोबळ. मूळ पिशवीतलं बी शिल्लक असेल आणि थंडीत ठेवलं असेल तर त्यातलं ३०० पेरून रोपं तपासा, सुरुवातीचा आकडा मिळेल. बाहेर कपाटात ठेवलं असेल तर ही चाचणी निकामी, बुरशी मेलेली असणार. मग प्लॉटमधले ई-प्लस ठोंब नकाशावर टिपा. पेरणीच्या ओळीवरचे, मोठे, जाड ठोंब बहुधा मूळ पेरणीचे. ओळींच्या मधले, लहान, दोन-चार फुटव्यांचे आणि ई-प्लसकडच्या कडेला दाटलेले ते गळलेल्या बियांचे. मोवर ज्या बाजूने आत शिरतो तिथेही दाटी दिसली तर मोवरचा वाटा कळला. दोन्ही प्लॉटमधली बुरशी एकच आहे का हे एसएसआर मार्करने (डीएनएतल्या खुणांनी) ताडता येईल, पण दोन्ही बियाणी केंटकी-३१ चीच असल्यामुळे त्यातून फार काही निघेलसं वाटत नाही.

नव्या पेरणीत मधली पट्टी निदान ३ ते ४ मीटर ठेवा आणि तीत फेस्क्यू सोडून दुसरं दाट गवत लावा. मोकळी माती म्हणजे गळलेल्या बियांना आमंत्रण. कापणी नेहमी ई-मायनसपासून सुरू, ई-प्लस शेवटी, आणि मोवर उलटा करून हवेच्या झोताने साफ. ई-प्लसला लोंबी बाहेर पडली की पक्व व्हायच्या आत कापा. हा एकच नियम पाळला असता तरी निम्मं टळलं असतं.

बुरशीमित्र

आणि जुनी जागा तशीच नांगरून पुन्हा पेरू नका. केंटकी-३१ चिवट आहे, १९३१ मध्ये केंटकी राज्यातल्या मेनिफी काउंटीत डोंगरउतारावर सापडलं ते त्या चिवटपणामुळेच. १९४३ मध्ये ते जात म्हणून प्रसारित झालं आणि देशभर पेरलं गेलं. आत बुरशी आहे आणि हे गवत खाणाऱ्या गुरांना होणारा त्रास तिच्यामुळे आहे हा धागा १९७७ मध्ये जुळला, तोवर कोट्यवधी एकर व्यापून झाले होते.

तिकडे कुरण बदलताना 'फवारा, झाका, फवारा' असा क्रम वापरतात. वसंतात लोंबी पक्व होऊ न देता ग्लायफोसेट हे तणनाशक. उन्हाळ्यात दाट झाकणारं पीक, बऱ्याच ठिकाणी चक्क आपली बाजरी. बाजरी काढल्यावर जे फेस्क्यू पुन्हा फुटलं असेल त्यावर दुसरा ग्लायफोसेट, आणि सप्टेंबरच्या आसपास नवी पेरणी. पहिला फवारा लोंबी पक्व झाल्यावर झाला तर सगळी मेहनत वाया, कारण झाडं मरतात पण जमिनीवर ताजं बाधित बी पसरलेलं असतं.

प्लॉटवर गुरं सोडणार असाल तर आणखी एक. लोंब्या आलेलं ई-प्लस खाल्लेली जनावरं तीन दिवस दुसरीकडे बांधून मगच स्वच्छ प्लॉटवर आणा. बी पोटातून जिवंत बाहेर पडतं. ई-प्लसचं बी धरलेलं वाळलं गवतही त्या जागी टाकू नका. बाधित झाडांचं प्रमाण दर १० टक्क्यांनी वाढलं की गोऱ्ह्यांची रोजची वजनवाढ साधारण ४५ ग्रॅमने घटते असा ढोबळ हिशेब वापरतात, तेव्हा गुरांचा प्रयोग असेल तर १४ टक्के हा दुर्लक्ष करण्याजोगा आकडा नाही.

सूक्ष्मदर्शी

नकाशा करताना प्रत्येक ठोंबाचे दोन फुटवे तपासा, एक मधला, एक कडेचा. क्वचित एखाद्या फुटव्यातून बुरशी सुटलेली असते आणि ठोंब चुकून मायनसमध्ये जातो. फुटवे ओल्या टिश्यूत गुंडाळून बर्फावर आणा आणि त्याच दिवशी रंगवा. एक रात्र पिशवीत राहिले की वरच्या बुरश्या वाढतात आणि पुन्हा त्याच दोन फाटे फुटलेल्या स्लाइडांवर येऊन थांबाल.

फेस्क्यूवाली

मूळ बी शीतपेटीत आहे, ५ अंशांना. ३०० चा ट्रे उद्या लावते. प्रत्येक कप्प्यात एकच बी टाकू ना?

सूक्ष्मदर्शी

एकच. आणि ट्रे ई-प्लसच्या रोपांजवळ ठेवला तरी चालेल, फक्त एकाच्या कप्प्यात दुसऱ्याचं बी सांडू देऊ नका.